वोच जवार

तिसऱ्या पातेल्यातला पहिला घास आईसाहेबांनी जिभेवर घेतला, क्षणभर ठेवला आणि ओठाच्या चालत्या बाजूने हळूच बाहेर सोडला. शशिकलेने तो पदराने टिपला. सकाळी उजाडताच चूल पेटवली होती तिने. आता दुपारचे दोन वाजून गेले होते आणि घोटून घोटून तिच्या उजव्या दंडात गोळा आला होता.

"वोच," आईसाहेब म्हणाल्या. चालणारा तेवढाच डावा हात त्यांनी गादीवर आपटला. "वोच... वोच. जवार."

"होय, आईसाहेब. वोच जवार. सांवेरची, माझ्या भावाने पाठवलेली. दुसरी बिलकुल नाही घातली."

आईसाहेबांनी सुनेकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. हे लकव्याचं पाणी नव्हतं. लकव्याचं पाणी एकाच डोळ्यातून येतं, आणि ते कसं दिसतं हे अठरा दिवसांत शशिकलेला पाठ झालं होतं.

अठरा दिवसांपूर्वी उजव्या अंगावरून लकवा गेला आणि जाताना आईसाहेबांचं चौतीस वर्षांचं मराठी घेऊन गेला. हिंदीही गेली, भाजीवालीशी भांडायची माळवीसुद्धा गेली. राहिली ती एकच भाषा, जी ह्या घरातच काय, अख्ख्या इंदुरात कुणाला येत नव्हती. लक्ष्मणराव जगदाळे होळकरांच्या खेचर-पलटणीबरोबर पहिल्या महायुद्धात इराकात गेले होते, आणि येताना बाकुब्याच्या निर्वासित छावणीतून ही सतरा वर्षांची आर्मेनियन पोर लग्न करून घेऊन आले होते. वान नावाच्या कुठल्याशा शहरातून तिच्या घरची अकरा माणसं चालत निघाली होती, छावणीत पोचली ती एकटीच. तिचं नाव शुशान. उंबरठ्यावरचं माप ओलांडलं त्या दिवशी घरच्या बायकांनी त्याचं सुमन करून टाकलं. फार काही बदललं नाही असंच त्या बायकांना वाटलं असणार.

तर आता त्या जे बोलत त्यातले दोनच शब्द घराला कळत होते. एक 'हरीसा'. कुठलंसं धान्य आणि मटण दिवसभर शिजवून, घोटून एकजीव करायचं, असा हा त्यांच्या माहेरचा पदार्थ. त्याचं नाव मुलांनी लहानपणी ऐकलं होतं, खाल्लाही होता. आणि दुसरं हे 'वोच जवार'. इंदुरात ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हिंदीतला 'वो' आणि आपला 'च'. वोच पाहिजे, वोच दुकान, वोच जवार, म्हणजे तीच ज्वारी. शिवाय भानुमतीच्या वहीत स्वच्छ लिहिलेलं होतं, 'जवार दोन शेर. कांडून घेणे.'

भानुमती म्हणजे आईसाहेबांची मुलगी, साताऱ्याला दिलेली. लग्नाआधी आईपाशी बसून तिने एकोणीस पदार्थांची वही लिहिली होती. शशिकला ह्या घरात आली त्याच्या दोन वर्षं आधी लक्ष्मणराव वारले होते, आणि भावाच्या मयताला बसलेल्या नानांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं की आता वहिनींनी मांस-मच्छी सोडावी. जगदाळ्यांच्या घरात विधवा बाई खात नाही. वहिनींना कुणी विचारलं नाही. त्यांनी सोडलं, आणि त्याबरोबर हरीसा गेला, पानांत गुंडाळून शिजवायचे खिम्याचे उंडे गेले, सगळीच वही गेली. शशिकलेने अकरा वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, आईसाहेब, मला शिकवा ना, तुम्ही नका खाऊ, नुसतं दाखवा. त्या हसायच्या आणि म्हणायच्या, मग. ह्या 'मग'चं काय झालं ते आता दिसतच होतं.

डॉक्टर म्हणाले होते, पंधरा दिवस, फार तर महिना. शशिकलेची घाई ती होती. ह्या पदार्थांची चव जगात एकाच तोंडात उरली होती आणि त्या तोंडाने एकदा 'बरोबर' म्हणायला हवं होतं. एक हरीसा जमला की वहीवर भरवसा ठेवता येईल, बाकीचे अठरा आपण आपले करू. नाही जमला तर वही म्हणजे नुसते कागद.

आणि घरात भांडण कशावरून, तर मटणावरून. पहिलं पातेलं चढलं तेव्हा नाना पुढच्या खोलीतून काठी टेकत आले आणि म्हणाले, तेरा वर्षं पाळलेलं व्रत तुम्ही मरणाच्या दारात मोडायला निघालात, वर लक्ष्मणदादा काय म्हणेल? शशिकला म्हणाली, डॉक्टरांनीच सूप द्यायला सांगितलंय. ते खोटं होतं. तिचा नवरा अच्युत पहिल्या दिवशी बायकोच्या बाजूने होता, दुसऱ्या दिवशी नानांशेजारी बसून चहा प्याला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला की मला काही विचारू नका, आमची कचेरी ग्वाल्हेरला हलतेय, फायली बांधायच्यात. मध्यभारताचं राज्य झाल्यापासून राजधानी सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे, त्यामुळे ह्या माणसाला कुठल्याही अडचणीतून उठून जायला सरकारी कारण मिळालं होतं. धाकटा दीर रघुवीर उघडच नानांकडे गेला. त्याची बायको शारदा खजरान्याच्या गणपतीला नवस बोलून आली आणि जावेला म्हणाली, ताई, पेज पाजा, त्या जाणाऱ्या जीवाला का छळता.

छळता. हा शब्द शशिकलेच्या डोक्यात तीन दिवस घुमत होता.

भानुमती आली ती त्याच दुपारी, खांडव्याला गाडी बदलून, कोळशाच्या कणांनी डोळे लाल करून. तार तिला उशिरा मिळाली होती. आईच्या खाटेशी ती गुडघ्यांवर बसली, आणि आईसाहेबांनी तिच्या चेहऱ्यावर हात ठेवून जे बोलायला सुरुवात केली ते थांबेचना. भानुमती मान हलवत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, दहांतला एक शब्द कळला. पाणी, हात, थंडी असलं काहीतरी. लहानपणी आई चुलीपाशी एकटीच पुटपुटायची तेवढं कानावर होतं, बाकी तिने कधी शिकवलं नाही आणि आम्ही कधी मागितलं नाही.

मग ती स्वयंपाकघरात आली, पातेल्याचं झाकण काढून आत बघितलं. शशिकलेने वही तिच्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, वन्सं, तुमचंच अक्षर आहे, तुम्हीच सांगा माझं काय चुकतंय. मटण धुतलं, हाडासकट घातलं, कणकेने झाकण बंद केलं, आठ तास मंद आंच ठेवली. तरी चिकट होत नाही. रवाळ राहतं, आणि त्या थुंकून टाकतात.

भानुमती मोठ्याने वाचायला लागली. "जवार दोन शेर. कांडून घेणे."

तिने वाचलेला 'ज' जवळमधला होता, जरामधला, दातांशी घासून येणारा. शशिकला सांवेरची. हिंदी शाळेत शिकलेली. तिचा ज सगळीकडे एकच, जन्मातला. ती 'जवळ' म्हणाली की नव्या नवरीपणी हे सगळं घर हसायचं. आता नणंद साताऱ्याचं शुद्ध ऐकवतेय असंच तिला वाटलं.

"जवार," शशिकला म्हणाली. "भाकरीची."

भानुमतीने वर पाहिलं. "भाकरीची कुठून आली ह्यात? वहिनी, तू ज्वारी घातलीस?"

"तुम्हीच तर लिहिलंय."

"हे गहू आहेत गं. कांडून टरफल काढलेले, आपण खिरीला करतो तसे. आई त्याला जवार म्हणायची. जवळमधला ज. मी ऐकलं तसं लिहिलं."

"मग गहू असं का नाही लिहिलंत?"

"पंधरा वर्षांची होते मी. मला वाटायचं सगळेच तसं म्हणतात."

शशिकलेने पातेल्याकडे बघितलं. तिच्या माहेरी जवार म्हणजे जवार. सकाळी जवार, संध्याकाळी जवार, शेतात जवार, कणगीत जवार. त्या अक्षरांत दुसरं काही असू शकतं हे तिच्या मनात येणारच कुठून? ज्वारी कांडतातही, कण्या करतात. लागलं सगळं बरोबर. अख्खं घर मटणावरून भांडत राहिलं आणि धान्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

मग तिला दुसरी गोष्ट आठवली, आणि ती विचारू नये असं वाटत असतानाच तिने विचारली. "पण त्या स्वतः म्हणतात ना, वोच जवार. तीच पाहिजे म्हणून."

"काय म्हणते?"

"वोच. प्रत्येक वेळी. वोच, वोच, जवार."

भानुमतीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती म्हणाली, "वोच म्हणजे नाही, वहिनी. मी चुलीत हात घालायला गेले की ती म्हणायची. वोच. नाही, नको."

शशिकला तिथेच पाटावर बसली. अठरा दिवसांत तीन पातेली. प्रत्येक पातेल्याचे दहा-वीस घास, आणि प्रत्येक घासाला ती बाई सांगत होती की नाही, गहू. नाही, नाही, गहू. आणि आपण तिच्या तोंडाशी चमचा धरून हसत हसत सांगत होतो, होय आईसाहेब, तीच, तीच. तिला रडूही आलं नाही.

चहाच्या वेळी भानुमतीने सगळ्यांना बसवून हे सांगितलं. शारदेने कपाळाला हात लावला. अच्युत म्हणाला की मला तर लहानपणचं काहीच आठवत नाही, मी वडिलांच्या मागे तबेल्यातच असायचो. रघुवीर बशीतल्या चहाकडे बघत राहिला. तो मान वर करेना, म्हणून शशिकलेने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"भावजी, तुम्हाला ठाऊक होतं."

"जवारचं नाही," तो म्हणाला. "वोच ठाऊक होतं. छपरावर चढलो की आई खालून ओरडायची."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, मटणाला नाही म्हणतेय. नाना तेच म्हणत होते ना. मला वाटलं आईला व्रत मोडायचं नाहीये आणि तुम्ही जबरदस्ती करताय." त्याने बशी खाली ठेवली. "मी तुम्हाला मनातून काय काय बोललो, वहिनी, काय सांगू."

नाना खुर्चीत सरसावले, आणि त्या माणसाला त्या वेळीही असं म्हणायचं सुचलं की तिने मटणाला नाही म्हटलं नसेल कशावरून, दोन्हीलाही म्हणाली असेल. तेव्हा भानुमती, जी ह्या काकांसमोर कधी मान वर करून बोलली नव्हती, शांतपणे म्हणाली, "नाना, तिच्या घरचे दहाजण उपाशी मेले. तिच्या तोंडचं अन्न तुम्ही काढून घेतलंत आणि आम्ही तिघं बघत बसलो. आता तरी बोलू नका." नाना उठून पुढच्या खोलीत गेले. अच्युतने त्यांना अडवलं नाही, त्यांच्यामागे गेलाही नाही. शशिकलेला ह्याचं समाधान वाटायला हवं होतं. ते वाटेना.

दुसऱ्या दिवशी अच्युत कचेरीत गेला नाही. फायलींचा ट्रक त्याच्याशिवाय ग्वाल्हेरला निघाला. शारदा आपणहून उखळापाशी बसली, ओले करून ठेवलेले गहू तिने आणि भानुमतीने आळीपाळीने कांडले, सुपात पाखडले. मटण रघुवीरने आणलं. शशिकलेने चूल सांभाळली. ह्या घरात इतकी माणसं एका पातेल्याभोवती तिने अकरा वर्षांत पाहिली नव्हती. ती मनात म्हणत होती, हे आईसाहेब धडधाकट असताना का नाही झालं, एकदा तरी.

मधल्या वेळात तिने वहीची बाकीची पानं भानुमतीपुढे धरली. एका पानावर होतं, 'शेवटी चिमूटभर आग घालणे.' ही आग कसली? विस्तव चिमटीने कसा घालणार? भानुमतीने तो शब्द तोंडातल्या तोंडात चार वेळा घोळवला. आईच्या भाषेतला काहीतरी जिन्नस असणार, माझ्या कानाला आग ऐकू आलं असणार. पण कोणता ते तिला आठवेना. तिने पुढचं पान उलटलं, तिथेही तसाच एक शब्द, त्याच्यापुढेही. सात-आठ पानांनंतर तिने वही मिटून शशिकलेच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, आईला विचारू. मग दोघींनाही आपण काय बोललो ते कळलं.

चार वाजता पातेलं उतरलं. ह्या वेळी घोटताना पळी जड होत गेली, मटणाचा दोरा दोरा सुटून गव्हात विरून गेला, पळी उचलली की सगळं एकसंध वर यायचं. वरून तूप लाल करून ओतलं. पाच वाट्या भरल्या.

अच्युतने खाल्लं आणि डोळे मिटले. म्हणाला, हेच. बिलकुल हेच. रघुवीरने दोन चमचे खाल्ले, तिसऱ्याला थांबला. हे नाही दादा, म्हणाला, ते इतकं घट्ट नसायचं, आपण पीत असू ते. अच्युत म्हणाला, तू लहान होतास, तुला काय आठवणार. रघुवीर म्हणाला, मीच शेवटपर्यंत खाल्लंय, तू तर पलटणीत जेवायचास. आवाज चढायला लागले. दोघांनी बहिणीकडे पाहिलं. भानुमतीने घास कितीतरी वेळ तोंडात ठेवला होता. ती म्हणाली, जवळपास आहे. काहीतरी राहिलंय. काय ते सांगता येत नाही.

शशिकलेने आपली वाटी चाखली. चांगलं होतं. गव्हाचं, मटणाचं, तुपाचं चांगलं होतं. पण तिच्या जिभेला त्या तिघांपैकी कुणाचं खरं मानायचं हे ठरवायला काही आधारच नव्हता. तिने ते कधी खाल्लंच नव्हतं.

आईसाहेबांची वाटी घेऊन ती आत गेली. मागोमाग सगळे आले, दाराशी उभे राहिले. नानासुद्धा मागे येऊन थांबले. आईसाहेब जाग्या होत्या. काल संध्याकाळपासून त्या काही बोलल्या नव्हत्या, भानुमतीशीसुद्धा. शशिकलेने त्यांच्या पाठीशी उशी लावली, वाटी त्यांना दिसेल अशी धरली, चमच्याने थोडं वर उचलून सोडलं. वास खोलीभर झाला. आईसाहेबांची नजर वाटीवर गेली आणि तिथेच थोडी थांबली. दाराशी उभ्या असलेल्यांचा श्वास शशिकलेला ऐकू येत होता.

"आईसाहेब," ती म्हणाली, "गव्हाचं आहे. चुकलं माझं. आता तुम्ही सांगा."

तिने चमचा ओठांना लावला. ओठ उघडले नाहीत. तिने थांबून पुन्हा लावला. ओठ घट्ट मिटलेले होते, आणि ते लकव्याने मिटलेले नव्हते. भानुमती पुढे झाली, आईच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, एक घास, आई, फक्त चव बघ, हेच का तेवढं सांग.

आईसाहेबांनी चमचा हाताने हलकेच बाजूला सारला. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, दाराशी दाटलेल्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम सौम्य झाला. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा त्या मराठीत बोलल्या.

"छान झालंय हं."

अच्युत आनंदाने ओरडला, आई बोलली. रघुवीर खाटेकडे धावला. शारदा हात जोडून रडायला लागली. शशिकला मात्र चमचा हातात धरून बसून राहिली, कारण तो आवाज तिच्या ओळखीचा होता. परक्यांच्या घरी जेवायला बसलं की आईसाहेब तेच, तेवढंच म्हणायच्या, यजमानीण समोर उभी असेल तर घास घेण्याच्याही आधी, तिला वाईट वाटू नये म्हणून. आपल्या घरात ते त्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. चमच्यातलं तूप गोठायला लागलं होतं.